जुळं केळं आणि प्रमिलाचा पाय

सावदा, ता. ११ डिसेंबर १९५६

ती. पंडितनानांस,

शालिग्रामचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व जण जागेवर आहेत. खुशाल कोण, ते पुढे कळेल. तुमचा गुडघा कसा आहे? आमच्याकडे सध्या पायांचंच चाललंय, म्हणून आधी विचारलं.

प्रमिलाचा उजवा पाय वर्षभर दुखतोय, हे तुम्ही जाणताच. सपाटीवर ठीक, पण केळीच्या बागेतल्या ढेकळांत (वय वर्षं अकरा!) म्हातारीसारखी चालायची. हाडवैद्यानं तासभर पाय ओढला. पाय ढिम्म हलला नाही, त्याचीच कंबर धरली, आणि त्याला आमच्या बैलगाडीतून घरी पोचवावं लागलं. शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी एक्सरेचा फोटो काढला. टाचेचं हाड आणि त्याच्या पुढचं एक, वेगळी असायची ती दोन्ही जन्मापासून जोडलेली! माझ्या आईनं फोटो उजेडाला धरला आणि तुमच्या बहिणीकडे, कुंदाकडे बघून म्हणाली, "म्या तवाच म्हनलं व्हतं, दिवस असताना जुळं केळं खाऊ नको!" त्याच दिवशी कुंदा धाकट्याला घेऊन धरणगावला तुमच्याकडे आली.

प्लास्टर घालायला पुन्हा धुळ्याला गेलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे कधीकधी घराण्यातून येतं, तुमचा पाय बघू. माझी टाच त्यांनी इकडे फिरवली, तिकडे फिरवली. ती तसूभर फिरेना. फोटो काढला तर हुबेहूब तेच! नांगरटीत अडखळतो म्हणून छत्तीस वर्षं मला आळशी म्हणणाऱ्या सगळ्यांना तो दाखवून आलो (सुपडूकाकांनी उलटा धरून मान डोलावली). मग आईला विचारलं, माझ्या वेळी तू काय खाल्लं होतंस? म्हणाली, "तवा आपल्याकडं केळी कुठं? नुसता कापूस व्हता." आणि तिनं माझा फोटो उजेडाला धरला.

सहा आठवडे प्लास्टर, मग बुटात आधार. पोरगी चालेल, पळेलसुद्धा म्हणतात. मला फार आनंद झालाय, नाना. फक्त प्लास्टरवर तिनं पेन्सिलीनं ‘आई’ लिहिलंय, ते मला रोज वाचावं लागतं.

आपला,
शालिग्राम

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. रविवारी कुंदाला न्यायला येतो. तिची जरा समजूत घालून ठेवा.

आणखी एक. ते जुळं केळं कुंदानं खाल्लंच नव्हतं. तिच्या हातातून घेऊन मी खाल्लं होतं. वर्षभर आई तिला बोलली की ती माझ्याकडे बघायची आणि मी आढ्याकडे. ती आईवर नाही, माझ्यावर रुसून आलीय. आज जेवताना आईला खरं सांगितलं. तिनं हातातली भाकर खाली ठेवली. म्हणाली, "रविवारी मी बी येते. तुझ्या भरवशावर कोन धाडील तिला?"