अर्वोकाकांवरचा आळ आणि नाव सांगणारा सर्व्हर

डुलुथ, मिनेसोटा
डिसेंबर, रविवार दुपार

तीर्थस्वरूप इंगामावशीस,

तोरचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण अंगणातला बर्फ पाहता मला उठवायला फावडं आणावं लागलं असतं.) तुझा गुडघा कसा आहे? मार्केटमध्ये जायला शेजारीण अजून गाडी देते का, की तिच्याशीही बिनसलं? आम्ही सगळे सुखरूप. हा शब्द एरवी सवयीनं लिहितात, मी आज सुटकेचा निःश्वास टाकून लिहितोय.

आमच्या मासेमारी क्लबाचा संगणक तुला माहीतच आहे. त्यावर तुझं खातं मीच उघडून दिलं होतं. हार्डवेअरच्या दुकानामागे ते एकच यंत्र, आणि आपण सगळे आपापल्या घरून त्यात शिरून त्याच्यामार्फत गप्पांच्या जाळ्यात जातो. म्हणजे एकत्र कुटुंब आणि दार एकच. बाहेरच्याला दार दिसतं, त्यातून कोण बाहेर पडलं ते दिसत नाही. तर गेल्या महिन्यात जाळ्याच्या चालक रोझलिनबाई पेलेटिये (राहणार थंडर बे, स्वभाव शाळेच्या मुख्याध्यापिकेचा) यांनी धुरी दिलेल्या माशाची कृती टाकली. त्यावर आपल्या दारातून 'जाणकार' असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी लिहिलं, की हा मासा बिचारा दोनदा मेला, एकदा गळाला लागून आणि एकदा बाईंच्या हातून. बाईंनी तडक आपलं दारच बंद केलं. निरोप असा: प्रत्येक जोडणी कोणाची आहे ते तुमच्या यंत्रानं विचारताक्षणी सांगावं, नाहीतर सगळ्यांनी घरी बसावं.

क्लबात सगळ्यांचं बोट एकाच दिशेला. अर्वो केट्टुनेनकाका! आयुष्य बंदरात, खनिजाच्या धक्क्यावर जहाजं भरण्यात गेलेलं, जिभेला हाड नाही. "मी बोललो असतो तर नाव घालून बोललो असतो. टोपण घालायला मी काय बाटली आहे?" एवढंच म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले. लोक त्यांना क्लबातून काढायच्या गोष्टी करू लागले. मला मात्र दुसरीच काळजी. त्यांची मुलगी हेल्मी तिकडे दूर कॅनडात, यलोनाइफला असते. हेल्मीची आई गेल्यापासून बापलेकीचं फोनवर तिसऱ्या वाक्याला भांडण होतं (दुसऱ्यालाही झालेलं मी ऐकलंय), पण या जाळ्यावर टाइप करून ती दोघं नुकती कुठं माणसासारखी बोलायला लागली होती. नाताळला येणार की नाही, हे ती त्याच आठवड्यात सांगणार होती, आणि दार बंद!

म्हणून मी सर्व्हर, म्हणजे बाईंना हवा तसा नाव सांगणारा प्रोग्राम, लिहायला बसलो. काम ऐकायला पोरखेळ. जाळं विचारतं, 'तुमच्या अमुक क्रमांकाच्या पोर्टमधून माझ्याकडे आलंय ते कोण?' (पोर्ट म्हणजे प्रत्येक जोडणीची नंबर घातलेली वाट.) आपण यंत्राच्या पोटात पाहायचं आणि खात्याचं नाव सांगायचं. पण माझा पहिला सर्व्हर सरकारी खिडकीवरच्या कारकुनासारखा निघाला. कुणा एकानं जोडणी उघडली आणि प्रश्नच विचारला नाही, तर हा त्याच्या तोंडाकडे बघत उभा. मागे रांग. जाळ्याला धीर नाही, सगळे बाहेर. मग तो असिंक्रोनस केला, म्हणजे कॅफेतल्या मर्लिससारखा: या टेबलावरचा म्हातारा सूप की सँडविच ठरवत बसला, तर ती तेवढ्यात चार टेबलांना कॉफी देऊन येते. उत्तरं कशी झरझर जायला लागली! बाईंनी दार किलकिलं केलं. मी स्वतःवरच खूश.

तासाभरात बाईंचा निरोप. "मिस्टर लिंडक्विस्ट, तुम्ही आठ टोपणनावांनी येऊन स्वतःशीच आमिषावरून भांडताय. डॉक्टरला दाखवा." झालं असं होतं, की सर्व्हर जोडणीचा मालक सांगण्याऐवजी स्वतःचा मालक सांगत होता. कोणीही जा, उत्तर एकच: तोर, तोर, तोर. (मी स्वतःला गाढवही म्हणालो होतो म्हणे. ते मला पटलं.) चूक सुधारली, बाईंचे पाय धरले, दार पुन्हा उघडलं.

आणि परवा मी अर्वोकाकांना ओढून क्लबात आणलं. ते माझ्यासमोर दोन्ही हातांत कॉफीचा मग धरून फुरंगटून बसलेले, तेवढ्यात पडद्यावर 'जाणकार' उगवला: माशाला मीठ कमी, आणि बाईंना ऐकून घ्यायची सवय त्याहून कमी! मी काकांच्या हातांकडे पाहिलं, सगळ्या क्लबानं पाहिलं. काका म्हणाले, "काय बघताय? कॉफी पितोय." एकाला हसू फुटलं आणि मग आवरेना. बाईंनी तेवढं एकच खातं बंद केलं, बाकी दार उघडं. खातं कोणाचं, हा त्यांचा निरोप फक्त मला आला. क्लबात मी इतकंच सांगितलं, की गुन्हेगार सापडला, वयानं मोठा आहे, नाव विचारू नका. मग काका यंत्रापाशी बसले. हेल्मी पलीकडे होतीच. आम्ही सगळे उगाचच दुकानात खिळे बघायला गेलो. परत आलो तर काका नाक शिंकरत होते. म्हणाले, "येतेय पोरगी. थंडी फार आहे या खोलीत." शेगडी धडधडत होती.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. तुझ्याकडे दोन्ही नसल्यास तूच वाटून घे.

तुझा,
तोर

ता. क. – मावशी, सर्व्हरनं दिलेलं नाव 'इंगा' होतं. मला आधी वाटलं पुन्हा माझीच चूक. सगळं नीट तपासलं. चूक नाही.

ता. क. २ – रोझलिनबाईंना माफीच्या दोन ओळी लिही. दोनच. तिसरीत तू माशावर येशील.

ता. क. ३ – खरं काम हे: नाताळला इकडे ये. अर्वोकाका तुझी ती 'दोनदा मेला'वाली ओळ सगळ्यांना म्हणून दाखवतात आणि म्हणतात, हे ज्यानं लिहिलं त्याच्यासमोर एकदा जेवायला बसायचंय. तो 'ती' आहे, हे मी अजून सांगितलेलं नाही. निळा स्वेटर घालून ये.