चाळीस जणींची संमती

राजेंद्र नगर, इंदूर
३ ऑगस्ट २०२५

चि. कस्तुरीस आत्याचे अ. आ.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवरच्या माझ्या आवाजावर आता माझाच भरोसा नाही. सांवेरची माझी मैत्रीण वसुंधरा म्हणाली की मीच तिला फोन करून सोयाबीनवर एक औषध फवारायला सांगितलं. मी फोन केलाच नव्हता गं!

गेल्या वर्षी परदेशीपुऱ्यातल्या एका कंपनीच्या ऑफिसात आम्ही चाळीस जणींनी तीन दुपारी माइकसमोर वाक्यं वाचली होती. एआयचा रिसर्च आहे म्हणाले. त्याच रेकॉर्डिंगवरून कुणी माझा आवाज बनवला असेल का? तू जिनिव्हात सगळ्या देशांसाठी या एआयचे नीतिनियम लिहिणाऱ्या समितीत आहेस. त्या कंपनीचं कार्ड सोबत ठेवलं आहे; ती तुला माहीत आहे का, साफ सांग.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
शशिकलाआत्या

जिनिव्हा
१४ ऑगस्ट

ती. आत्यास कस्तुरीचा सा. न.

ती कंपनी आमच्या मसुद्यात आदर्श उदाहरण म्हणून आहे. आवाज वापरायला प्रत्येकीची लेखी संमती आहे त्यांच्याकडे. तू सही करून विसरली असशील. चष्मा तरी कुठे ठेवलास ते आठवतं का तुला? पुढच्या महिन्यात सोळा देशांची बैठक आहे, तोवर कुणाजवळ बोलू नकोस.

माया कमी करू नकोस.
कस्तुरी

इंदूर
२६ ऑगस्ट

चि. कस्तुरीस अ. आ.

कुणाजवळ बोलू नका, असं त्या ऑफिसातल्या मॅडमही म्हणाल्या. खरं सांगते, तुझ्यावरही शक आला.

दोन तास ठाण मांडून संमतीपत्राची झेरॉक्स आणली, ती सोबत आहे. खाली इंग्रजीत सही आहे. मी बँकेतसुद्धा मराठीत सही करते, त्यावरून तूच मला चिडवतेस. मग ही कुणी केली? वसुंधरेचं पाच बिघे सोयाबीन जळून गेलं. माझा आवाज ऐकून फवारलं तिनं.

रागावले आहे, तरी आशीर्वाद आहेत.
आत्या

जिनिव्हा
२० सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

मी चुकले. बाकीची संमतीपत्रं मागवली. चाळीसही सह्या एकाच हातच्या. बैठकीत दाखवल्या, तर अध्यक्ष म्हणाले, मसुदा छापायला निघाला आणि आता हे काय? मी हटले नाही. शेवटी ते उदाहरण गाळलं, आणि समितीतून मलाही.

पोलिसांत द्यायची तक्रार लिहून पाठवते आहे. सगळ्यांच्या सह्या घे.

रागाव, पण लिहीत राहा.
कस्तुरी

इंदूर
४ ऑक्टोबर

चि. कस्तुरीस अ. आ.

एकतीस जणी जमल्या. प्रेमलताच्या ओट्यावर मी तक्रार मोठ्यानं वाचली. ती त्या चाळीस जणींतलीच, माझ्या वीस वर्षांपासूनच्या ओळखीची, तरी म्हणाली, ताई, फिरसे वाचा. तीनदा वाचायला लावलं, एकेका शब्दाचा अर्थ विचारला, नंतर स्वतःच्या मुलीकडून वेगळं वाचून घेतलं. मी समोर बसून होते. तासाभरानं तिनं पेन मागितलं.

काल पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घेतली. दिवाळीला घरी ये, वाट पाहते.
आत्या