पुठ्ठ्याचा नातू

मंगळवार, दुपार

चि. ढब्बूस,

अनेक उत्तम आशीर्वाद. यातलं ‘अनेक उत्तम’ हे लिहिणाऱ्या बाईंचं. मी एकच सांगितला होता, तोही हात राखून. बाई म्हणजे आपल्या शेजारच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. तुला पाढे त्यांनीच शिकवले. त्यांना बजावलंय, मी बोलते तस्संच लिहा, मध्ये तुमचं शुद्धलेखन घुसवू नका. शिव्या मात्र लिहिणार नाही म्हणाल्या. तेव्हा जिथे ओळ मध्येच तुटलेली दिसेल तिथे एक शिवी आहे असं समज आणि मनात वाचून घे. तुला माझ्या सगळ्या पाठ आहेत.

इकडे सर्व ठीक. माझे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात. जिन्याला नवा रंग दिलाय, जुनाच बरा होता. तुझ्या आजोबांचा पाय जरा दुखतो.

तू टीव्हीवर दिसतोस. घरात राहत होतास तेव्हाही इतका दिसला नव्हतास. हातात पेला, पेल्यात ती हिरवी पूड ढवळलेली, आणि शेजारी पांढऱ्या केसांची एक गुळमट बाई. तिच्या गळ्यात हात टाकून तू म्हणतोस, “माझ्या आजीची शुगर आता तिच्या मुठीत. ना गोळ्या, ना पथ्य!” अरे, कोण ती? तिचे दात बघितलेस का? माझ्या वयाला एवढे दात कोणाला असतात? आणि शुगर मला नाही रे, तुझ्या आजोबांना आहे. निदान आजार तरी ज्याचा त्याला द्यायचा होतास.

ती जाहिरात लागली आणि आख्खी इमारत माझ्या दारात. “आजी, पूड जेवणाआधी घेता की नंतर?” मी म्हटलं, “बाई गं, मी पूड घेत नाही, चहा घेते. तीन चमचे साखर घालून.” तर ती जिना उतरता उतरता दुसरीला म्हणते कशी, “म्हातारी पक्की आहे. स्वतः ठणठणीत झाली, आता दुसऱ्याला सांगायला जिभेवर येत नाही.” मी, तुझी सख्खी आजी, स्वतःच्या उंबऱ्यात उभी राहून स्वतःच्या तोंडाने सांगते, तर खोटी. आणि ती दातांची बाई खरी!

लिहिणाऱ्या बाईंनीसुद्धा दोन डबे घेतलेत. इथे त्यांचा हात थांबला होता. मी म्हटलं, लिहा.

खालच्या औषधवाल्याने दुकानाच्या दारात तुला उभा केला होता. पुठ्ठ्याचा, पुरुषभर उंच, दात विचकून. आजोबा रोज त्याच्यासमोर थांबायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, “कोट खांद्यात झोल खातोय. कोणी शिवला हा?” दुसऱ्या दिवशी तळहाताने पुठ्ठ्याची कॉलर बसवत होते. तिसऱ्या दिवशी पुडीचा डबा घेऊन आले. पुढे पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला, तेव्हा औषधवाल्याने तो देऊन टाकला, तर हे गृहस्थ तुला काखेत मारून घरी. आता तू जिन्याखालच्या आपल्या दुकानात शिलाई मशीनशेजारी उभा आहेस. कामाला हात लावत नाहीस, ते एक तुझ्यासारखंच.

सकाळ-संध्याकाळ पूड चालू. मी विचारायची, “गोळ्या घेता ना?” “घेतो गं.” मी विश्वास ठेवला. मग एकदा गिऱ्हाइकाच्या शर्टाचं बटण हवं होतं म्हणून मी बटणांच्या डब्यात हात घातला. मूठभर पांढरी बटणं निघाली, बिनभोकाची. गोळ्या होत्या त्या. कधीपासूनच्या, देव जाणे.

आता पायाचं सांगते. वर ‘जरा दुखतो’ लिहिलं ते खोटं आहे. दुखला असता तर बरं झालं असतं. पायात टाचणी रुतली होती आणि यांना पत्ताच नाही. तसेच मशीन चालवत बसले. मोज्याला डाग दिसला तेव्हा मला कळलं, यांना नाही. उजव्या पायाची दोन बोटं काढली, ढब्बू. मशीन चालवताना पायट्यावर तोच पाय असतो. दुकान बंद आहे. तुला कळवायचं नाही, पोराच्या कामात विघ्न नको, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं. म्हणून मागे फोनवर मी एवढंच म्हटलं, की गोळ्या चुकवतात, तू चार शब्द सांग. दिलेला शब्द मोडला. मोडला तर मोडला.

तू फोन केलास, तोंड दाखवून बोललास. खोटं कशाला बोलू, चांगला बोललास. “आजोबा, गोळ्या घ्या. ते जाहिरातीपुरतं असतं. मी ती पूड कधी चाखलेलीसुद्धा नाही.” त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हं हं केलं, फोन ठेवला आणि हसले.

“तूच पढवलंस ना त्याला?”

“मी कशाला पढवू? त्याच्या तोंडून ऐकलंत ना?”

“तोंडून काय ऐकायचं! घरात माणूस खोटं बोलतो, म्हातारीचं मन राखायला. एवढ्या जगासमोर कोणी खोटं बोलेल का?” आणि पुठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हा खरं बोलतो.”

यावर काय बोलशील? पालथ्या घड्यावर पाणी घालून माझे हात दुखले. पण पुढचं ऐक, ते जास्त लागलं मला. म्हणाले, “माझ्या दुकानात वाढलाय तो. कच्चे टाके घालून आधी अंगात चढवून बघायचं, मगच पक्की शिलाई, हे त्याने रांगत असल्यापासून बघितलंय. स्वतः घेऊन बघितल्याशिवाय तो दुसऱ्याला देणार नाही.”

कळलं का रे? त्यांचा भरवसा तुझ्या कोटावर नाही, त्या नटव्या बाईवर नाही. त्यांनी तुला जे शिकवलं त्याच्यावर आहे. आणि तू ते

(इथे ओळ तुटली आहे. मोठी आहे.)

मग मी फोन घेऊन जिन्यात गेले आणि तुला म्हटलं, जिथे उभा राहून बोललास तिथेच उभा राहून सांग, की हे खोटं आहे. तू म्हणालास, “आजी, करार आहे. आणि जाहिरातींवर कोण विश्वास ठेवतं गं? लोकांना सगळं कळतं.”

लोकांना कळतं! मग कोणी विश्वासच ठेवत नसेल, तर कंपनी तुला पैसे कशाचे देते? तुझ्या दाढीचे? तिथे बसलेल्यांना पक्कं ठाऊक आहे की तू म्हणालास म्हणजे लोक घेतात. तुला एकट्यालाच ठाऊक नाही? उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि इथे माणसाचा पाय चाललाय. दुसऱ्यांचे किती गेले असतील ते त्यांच्या आज्या जाणोत.

आजही मी समोर उभी राहून गोळी देते. ते जिभेखाली धरतात, मी वळले की बटणांच्या डब्यात. सोमवारी डॉक्टर पट्टी सोडून बघणार आहेत. शुगर उतरली नाही तर घोट्यापासून कापावा लागेल म्हणालेत. काल हे मला काय म्हणाले माहीत आहे? “एक पाय राहिला तरी काय बिघडलं? मशीनला मोटर बसवू. ढब्बू पाठवेल.”

मोटर पाठवू नकोस. येऊ नकोस. तू आलास तरी ते तुझं ऐकणार नाहीत, पुठ्ठ्याचंच ऐकतील. म्हणून पुठ्ठा जिथून बोलतो तिथून बोल. जगासमोर. “मी ही पूड कधी घेतली नाही, माझ्या आजीनेही नाही, आणि माझे आजोबा ही घेऊन पायाची बोटं गमावून बसलेत.” एवढंच. करार मोडेल, दंड होईल, लोक हसतील, काम जाईल. शिवणकाम तुला येतं.

पुठ्ठा मी केव्हाच फाडला असता. पण ते कुबडी टेकत रोज खाली जातात आणि त्याची कॉलर सरळ करतात. मला फाडवत नाही. तूच फाड.

मी अडाणी. पण बाईंनी हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, मी दोन शब्द बदलून घेतले, मगच खाली अंगठा लावतेय. तू एवढा शिकलास. करारावर सही केलीस तेव्हा काय वाचलं होतंस?

वर एक आशीर्वाद दिलाय. तो तुझा की पुठ्ठ्याचा, हे सोमवारपर्यंत तू ठरव. सोमवारनंतर मी ठरवीन.

दात नसलेली, तुझी
आजी
(हा तिचा अंगठा)