ड्रेनन साहेबांची टोपी आणि माझा जनाजा

मी, अहमद इब्राहिम मुकादम, वय ऐंशी, धंदा शिंपीकाम, मूळ गाव केळशी, जिल्हा रत्नागिरी, राहणार बुसैतीन, बहारीन, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवतो. सलमानिया इस्पितळाचे डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. थकणारच, त्याला कधी सुट्टी मिळाली?

१. केळशीचं घर आणि बँकेतली शिल्लक शरियतप्रमाणे वारसांना जाईल. त्यात मी नाक खुपसत नाही.

२. मनामाच्या दुकानातली शिलाई मशीन आणि मोठी कात्री कारागीर अर्सलानला. त्या कात्रीने कागद कापू नये.

३. पेटीतली हिरवी मखमली टोपी, सोनेरी गोंड्याची, नात लाईबाला. मुलगा अर्शद म्हणतो, "बाबा, इट्स जस्ट अ कॅप." म्हणून सविस्तर लिहितो.

ती मायकेल ड्रेनन साहेबांची. साहेब आयर्लंडचे, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले पगारी फुटबॉलपटू. इंग्लंडच्या एका क्लबाने विकत घेतलं, दुसऱ्याला विकलं. "बकरे जैसा," ते म्हणायचे. देशासाठी एकच सामना खेळले, त्याची ही टोपी. तिकडे तसा मान देतात. पुढे गुडघा मोडला आणि क्लबाने घरी पाठवलं. मग इथे तेल कारखान्यात फिटर झाले.

टोपीला कसर लागली म्हणून रफूला माझ्याकडे दिली. माझ्या मरहूम बायकोला, महमुदाला, वाटलं, थोरल्या मुलाच्या, नजीबच्या बिस्मिल्लासाठीच आणली. मखमल, वर गोंडा, तिचं तरी काय चुकलं? पहिला धडा घ्यायला बसलेल्या पोराच्या डोक्यावर ती टोपी, आणि दारात जेवायला बोलावलेले साहेब! मी टोपी काढायला धावलो. साहेब हसले, मग रडले. म्हणाले, "रहने दो. मेरे सर पे एक ही दिन थी."

पुढे दर शुक्रवारी ते नजीबला समुद्राकाठी चेंडू शिकवायचे. अकराव्या वर्षी टायफॉईडने माझा नजीब गेला. साहेबांनी लंगडत जनाज्याला खांदा दिला, तर महमुदाचा भाऊ मुनाफ याने त्यांना हात धरून बाजूला केलं: "तुम्ही ख्रिस्ती, मागे व्हा." साहेब मागून चालत आले आणि कबरस्तानच्या दाराबाहेर उभे राहिले. पुढल्या हिवाळ्यात तेही गेले. घरचं कुणी नव्हतं. त्यांची शवपेटी आम्ही शिंप्यांनी उचलली.

४. ख्रिस्ती दफनभूमीतली साहेबांची कबर आजवर मी झाडली. यापुढे अर्शदने झाडावी.

५. माझ्या जनाज्याला मुनाफने खांदा द्यावा. वाटेत लोक खांदा बदलतात, त्याने बदलू नये. घरापासून कबरेपर्यंत. त्याची सत्तरी उलटली, ठाऊक आहे. माझा राग उतरलेला नाही.

६. लाईबा गल्लीत मुलांबरोबर चेंडू खेळते, त्यावरून तिला कुणी बोलू नये. मुली जनाज्याबरोबर जात नाहीत, हेही ठाऊक आहे. तिने ती टोपी घालून दारात उभं राहावं. जाताना मला माझा नजीब दारात हवा आहे.

याआधी जे काही बोललो, लिहिलं, ते खलास.

बुसैतीन, ता. १२ जानेवारी १९९६
सही: अहमद इब्राहिम मुकादम

साक्षीदार:
१. गणपत शिवराम पाष्टे, ड्रायव्हर, शेजारी.
२. मुनाफ अब्दुल्ला सरखोत. वाचलं. खांदा बदलणार नाही.