हवाईची रिकामी खाच

प्रिय डुएन,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. नेहमीसारखंच, आत नुसती सही. मीही गप्पच बसणार होते, पण आता माझं डोकं फिरायची वेळ आली आहे आणि ते ऐकून घ्यायला या गावात कुणी उरलेलं नाही. तेव्हा वाच.

आपले बाबा अजून रोज सकाळी लॉन्ड्रीत येतात. मी कुलूप काढायच्या आत दारात हजर. मग एकेका यंत्राचा गल्ला काढायचा, पाव डॉलरची सगळी नाणी मागच्या टेबलावर ओतायची आणि एकेक उलटून बघत बसायचं. इकडे गिऱ्हाइकं नोटा घेऊन ताटकळतात आणि सुट्टं देणाऱ्या यंत्रात खडखडाट. परवा आग्नेस कुचेरा ओल्या चादरींची टोपली घेऊन थेट मागे गेली आणि म्हणाली, "एमिल, ड्रायरसाठी नाणी दे बाबा, नाहीतर या चादरी तुझ्याच डोक्यावर वाळत घालते." बाबांनी मान वर न करता सांगितलं, "घाल, पण उजेड अडवू नकोस." सगळे हसले. मला नाही हसू आलं, कारण शेवटी त्या चादरी घरी नेऊन मीच वाळवल्या. शिवाय टेलिफोनचं ते दुखणं आहेच. लॉन्ड्रीच्या नंबरावरून फोन येतो आणि पलीकडे कुणी बोलत नाही, असं तू एकदा चिडून लिहिलं होतंस. मी फोन कंपनीशी कडाकडा भांडले. लाइन ठीक आहे म्हणाले. ठीक कसली!

तो पुठ्ठ्याचा नकाशा तुला आठवत असेलच. अमेरिकेची पन्नास राज्यं आणि प्रत्येकाच्या चित्राच्या पाव डॉलरच्या नाण्यासाठी एकेक खाच. नव्या राज्याचं नाणं निघालं की ते विकत आणायचं नाही, आपल्याच गल्ल्यात सापडलं पाहिजे, हा तुम्हा दोघांचा कायदा. बाबा नकाशा धरायचे आणि तू अंगठ्यानं नाणं दाबून बसवायचास. मला हातसुद्धा लावू द्यायचा नाहीत. आपल्या नेब्रास्काच्या नाण्यावरचा सुळका आणि छपराची बैलगाडी बघून तू नाक मुरडलं होतंस, दाखवायला दुसरं काही मिळालंच नाही का म्हणून. विस्कॉन्सिनच्या काही नाण्यांवर मक्याच्या कणसाला चुकून एक पान जास्त पडलंय आणि त्यांना चांगला भाव येतो, हे कळल्यावर तर तुम्ही जेवणाच्या टेबलावरही नाणी पसरायला लागलात. आईचे कोलाचे, ते जॅम भरलेले गोड पाव, त्या नाण्यांच्या ढिगाशेजारी गार व्हायचे. ते नाणं काही सापडलं नाही. शेवटी एकच खाच राहिली, हवाईची. आणि ते नाणं निघायच्या आधीच ते भांडण झालं. तुला लॉन्ड्री चालवायची नव्हती, बाबांना दुसरं काही ऐकायचं नव्हतं. तू पोर्टलंडला निघून गेलास आणि लॉन्ड्री माझ्या गळ्यात पडली. मला ती चालवायची आहे का, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

इतकी वर्षं मी समजत होते, हवाई मिळत नाही म्हणून म्हातारा झुरतोय. गेल्या महिन्यात वैतागून नकाशा उचलला आणि लिंकन शहरातल्या नाण्यांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "बाई, असा नकाशा घराघरात आहे. सगळे म्हातारपणाची पुंजी म्हणून जपून बसलेत. तुमची लॉन्ड्री आहे ना? मग यंत्रात टाका आणि धुणं धुवा, तेवढीच याची किंमत." हवाईचं कोरं नाणं त्यानं जवळजवळ फुकटच दिलं. हात पुढे करून उभा असलेला राजा, बाजूला बेटं. मी ते खाचेत बसवलं आणि म्हटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी बाबांनी ते नखानं उचकटून माझ्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवलं. "हे आपल्या गल्ल्यातलं नाही." एवढं बोलून पुन्हा गल्ल्याकडे वळले.

आता मुद्द्याचं. जुनी यंत्रं इतकी गळतात की मी ती बदलते आहे. मार्चमध्ये कार्डावर चालणारी बसतील, म्हणजे नाणी बंद. त्यासाठी मागची खोली आवरताना साबणाच्या पावडरीचा एक जुना डबा हाताला लागला. उचलता उचलेना. उघडला तर आत काठोकाठ नाणी. मूठभर काढून बघितली, सगळी हवाई. आणखी मूठभर काढली, तीही हवाई. तळापर्यंत हात घातला, तिथंही हवाईच. मग असा संताप आला की तो डबा ओढत नेऊन त्यांच्या टेबलावर आदळला आणि विचारलं, हा काय तमाशा आहे? नाणं होतं, तर मला आणि अख्ख्या गावाला वेठीला का धरलंत?

बाबांनी सांडलेलं एक नाणं उचलून डब्यात परत टाकलं. मग म्हणाले, "मी धरायचं आणि त्यानं दाबायचं, असं ठरलं होतं. एखादं सापडलं की वाटायचं, फोन करून सांगावं, मिळालं रे, ये. नंबर लावायचो. त्याचा आवाज आला की जीभच उचलायची नाही. मग म्हणायचो, पुढचं सापडलं की बोलू." आणि मलाच विचारलं, "मार्लीन, मार्चनंतर नाणी येणार नाहीत. मग मी त्याला काय सांगून बोलावू?"

याचं उत्तर तूच देऊ शकतोस, म्हणून हे पत्र. दोघंही सारखेच हट्टी आहात आणि मधल्या मध्ये मी पिळून निघते आहे. यंत्रं बदलायच्या आत ये. ते नकाशा धरतील, तू अंगठा दाब, आणि या वेळी मी शेजारी उभी राहणार आहे, मला कुणी बाजूला हो म्हणायचं नाही. मी लिहिल्याचं त्यांना माहीत नाही. आज सकाळी गल्ल्यात पुन्हा एक हवाई निघालं आणि ते फोनकडे बघत बसलेत. तेव्हा या खेपेला तसा मुका फोन आला तर ठेवू नकोस. "बाबा, सापडलं का?" एवढंच विचार.

तुझीच, वैतागलेली,
मार्लीन