सासूबाईंचं कार्ड

१२ मे, सोमवार — हामामात्सु

आणि वर मलाच ऐकवायचं — "तरी सांगत होते, कागदाचं तिकीट काढ." सांगत कसल्या होत्या. अख्खा रस्ताभर भाताचे गोळे खात होत्या. फाटक माझ्या तोंडावर आपटलं तेव्हा बरं आठवलं.

झालं ते असं. ओसाकाच्या स्टेशनात मी नेहमीसारखं गाडीभाड्याचं कार्ड फाटकाला टेकवून आत गेले. सासूबाईंनी मात्र खिडकीवर रांग लावून थेट योकोहामाचं कागदी तिकीट काढलं. मी हसले. म्हटलं, "आई, आता शेंबडी पोरंसुद्धा कार्ड वापरतात. टेकवलं की टुंग, झालं." बुलेट ट्रेन नको, बोगद्यात कान बसतात — म्हणून साध्या गाड्यांनी दोन दिवसांचा प्रवास. गिफूला जेवायला उतरलो. लांबच्या तिकिटावर वाटेत कुठंही उतरता येतं म्हणे. सासूबाईंनी तिकीट यंत्रात सारलं, पलीकडून उचललं आणि डौलात बाहेर. मी कार्ड टेकवलं — तांबडा दिवा, फाटक बंद. मागे ही रांग.

खिडकीतली पोरगी गोड बोलणारी. "काकू, ओसाकाकडचं कार्ड इकडं चालतं. पण तिकडं टेकवून आत शिरायचं आणि इकडं टेकवून बाहेर पडायचं, हे चालत नाही. मध्ये हद्द आहे."

"मी ओलांडली ना हद्द. मग कार्डाला काय धाड भरली?"

"तुम्ही ओलांडलीत. पण कार्डाच्या लेखी तुम्ही अजून ओसाकाच्या फाटकातच आहात."

रोख पैसे भरले. तिनं चिठ्ठी दिली — परत गेल्यावर तिकडच्या खिडकीत दाखवायची, मग कार्ड मोकळं होईल. तोवर कुठलंच फाटक उघडणार नाही. सासूबाई पलीकडून मजा बघत होत्या. "ये गं सावकाश. बाहेर छान ऊन पडलंय."

माझं चुकलं असेल. पण एवढे शहाणे लोक गाड्या चालवतात, त्यांना एक हद्द मिटवता येत नाही?

असो. उद्या त्यांना धाकट्या दिराच्या दारात उभं केलं की मी सुटले. तेत्सुओ गेल्यापासून आम्ही दोघीच त्या दुकानावरच्या खोल्यांत. नवरा होता तोवर तो मध्ये होता. आता सासूबाई थेट माझ्या तव्याशी. "कोबी जाड चिरलास." "पीठ पातळ झालं." गिऱ्हाईकासमोर! ओकोनोमियाकी, कोबीची ती जाड धिरडी, मी भाजते, नाव दुकानाला माझं, आणि परीक्षा रोज. धाकटा नोबुताका स्वतःहून म्हणाला, आईला आमच्याकडे पाठवा, नवीन घरात खोली आहे. मी त्याला दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. बदलेल म्हणून.

१३ मे, मंगळवार — योकोहामा

पोचवलं.

गाडीत बाहेर चहाचे मळे लागले होते. सासूबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तुला सुटल्यासारखं वाटेल."

"वाटेल की."

"मलाही." मग पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, अर्धं मला दिलं. मोठं अर्धं. लक्षात आलं माझ्या.

घर चकचकीत. जाऊबाई, आयाने, घरातही हळू बोलते, दवाखान्यात असल्यासारखी. सासूबाईंची खोली बरी आहे. खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते. नोबुताकानं आईसाठी नवं कार्ड केलंय — वर नाव छापलेलं, कुवाबारा किनुयो. कुठल्याही स्टेशनात त्या आत गेल्या किंवा बाहेर पडल्या की त्याच्या फोनवर निरोप येतो. शाळेतल्या पोरांसाठी ही सोय असते. "आई हरवायला नको," म्हणाला.

सासूबाईंनी कार्ड उलटंपालटं करून बघितलं. "मी कागदाचं तिकीट काढते."

"आई, इथं सगळे कार्डच वापरतात."

 या विषयावर सध्या माझं तोंड बंद आहे.

१४ मे, बुधवार

आज हसून पोट दुखलं.

आयाने आम्हाला बंदरावर फिरायला नेत होती. निघायच्या घाईत तिनं खणातून कार्ड काढून सासूबाईंच्या हातात दिलं. सासूबाईंनी फाटकाला टेकवलं — आणि यंत्रातून चिव चिव, चिव चिव! कोंबडीच्या पिल्लासारखं. लहान मुलांचं कार्ड टेकवलं की तसा आवाज येतो, म्हणजे स्टेशनवाल्यांना कळतं की अर्ध्या भाड्याचं माणूस चाललंय. आयानेनं मुलीचं कार्ड दिलं होतं चुकून.

स्टेशनवाला धावत आला. ऐंशी ओलांडलेली बाई बघून त्याला काय बोलावं कळेना. सासूबाई म्हणाल्या, "सहावीत आहे मी. उंची वाढली नाही." तो तोंडावर हात धरून हसला. आयाने लालबुंद, सारखी वाकून माफी मागतेय. त्यानं कार्ड नीट करून दिलं, खरं कार्ड घरून आणायला आयाने पळाली. आम्ही दोघी बाकावर.

"गोड आवाज आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्यांनाही का ठेवत नाहीत?"

मग खरं कार्ड आलं. टेकवलं. साधं टुंग. त्यांचं तोंड उतरलं. पण तिथून पुढे बंदराच्या स्टेशनावर, परतीच्या स्टेशनावर, दर वेळी कार्ड मीच आधी टेकवणार म्हणून पुढे घुसत होत्या. माझं बंद कार्ड खिशात, आणि मी कागदी तिकीट घेऊन त्यांच्या मागे. काय वेळ आली.

१५ मे, गुरुवार — ओसाका

मी बुलेट ट्रेननं आले. कान बसले नाहीत. खिडकीत चिठ्ठी दिली, कार्ड मोकळं झालं. निघताना दारात उभ्या राहून सासूबाईंनी हात हलवला नाही. मीही नाही. आमच्यात पद्धत नाही तशी.

१६ मे, शुक्रवार

देव्हाऱ्यात तेत्सुओच्या फोटोपुढे भात रोज सासूबाईच ठेवायच्या. आज दुपारी आठवलं. ठेवला. म्हटलं, घे, गार आहे, पण पीठ आज माझ्या मनासारखं आहे.

१९ मे, सोमवार

नोबुताकाचा फोन. ऑफिसात त्याला निरोप बघायला वेळ नसतो, म्हणून ते माझ्याही फोनवर यावेत अशी सोय केली म्हणे. मला न विचारता! तव्यावर पीठ टाकतेय आणि एप्रनच्या खिशात टिंग. "कुवाबारा किनुयो — कामाकुरा — बाहेर." तासाभरानं टिंग. "कामाकुरा — आत." मग एनोशिमा. एनोशिमाला यांना काय काम? समुद्राच्या वाऱ्यानं गुडघे धरतात यांचे.

निशिगाकी रोज जेवायला येतो. समोरच्या भाजीच्या दुकानाचा मालक. माझा कोबी त्याच्याकडूनच. त्याला फोन दाखवला. "आजीबाईंना पाय फुटले की," म्हणाला. दुसरं एक गिऱ्हाईक म्हणालं, उद्या उएनो, पांडा बघायला जातील. निशिगाकी म्हणाला, नाही, उद्या देवळं. चुकेल त्यानं बिअर पाजायची.

२० मे, मंगळवार

उएनो. निशिगाकीनं बिअर पाजली.

२२ मे, गुरुवार

आता सगळं दुकान माझ्या खिशाकडे कान लावून. टिंग झालं की तवा राहतो बाजूला. काल आसाकुसा, आज कावागोए. फोन केला. "आई, गुडघे?"

"गुडघ्यांना बसायला जागा मिळते. मला बघून पोरं उठतात. अगं, खिडकीशी बसायचं, स्टेशन आवडलं की उतरायचं, कार्ड टेकवायचं. कुणाला सांगायला नको, काही नको. पैसे संपले की यंत्रात कार्ड ठेवायचं, नोट घालायची. मी शिकले."

"हद्द ओलांडू नका," मी म्हटलं.

"तुझ्यासारखी नाही मी," म्हणाल्या. हसतच होत्या. तेत्सुओ गेल्यावर पहिल्यांदा ऐकलं असं.

२४ मे, शनिवार

सकाळी टिंग — घराजवळच्या स्टेशनात आत. आणि मग काहीच नाही. दुपार झाली, बाहेर पडल्याचा निरोप नाही. त्यांचा फोन बंद. नोबुताकाचे मला फोनावर फोन, "वहिनी, तुम्हाला काही म्हणाली का? वहिनी, पोलिसात कळवू का?" माझ्या हातून तीन ओकोनोमियाकी करपल्या. निशिगाकीनं तशाच खाल्ल्या.

दिवस मावळताना टिंग. घराच्या स्टेशनाच्या शेजारचं, अगदी पुढचं स्टेशन. बाहेर.

म्हणजे सबंध दिवस बाई फाटकाच्या आत! फोन लावला तर आवाज ठणठणीत. कुणी गाड्यांचा शौकीन भेटला होता त्यांना बाकावर. त्यानं सांगितलं, तेच स्टेशन दुसऱ्यांदा येऊ द्यायचं नाही आणि बाहेर पडायचं नाही, मग कितीही लांबून वळसा घ्या, भाडं पडतं शेजारच्या स्टेशनाचंच. नियमातच आहे तसं. तर सासूबाई डबा बांधून गेल्या आणि तोक्योला लांबून वळसा घालून आल्या. डोंगर बघितले, नदी बघितली, डबा खाल्ला, झोप काढली. बाहेर पडताना फाटक अडलं, इतका वेळ आत कोण असतं. त्यांनी खिडकीत सगळ्या मार्गाची नावं क्रमानं सांगितली. खिडकीतला माणूस उभा राहिला म्हणे. "शाब्बास आजी" म्हणाला.

"आणि फोन?"

"गाडीच्या डब्यात फोनवर बोलू नये म्हणून बंद केला. लिहिलेलं असतं तिथं. तू वाचत नाहीस का?"

मी इतकी चिडले होते की हसूच आलं.

२५ मे, रविवार

नोबुताकानं कार्ड काढून घेतलं.

मला वाटलं रागाच्या भरात असेल, देईल. नाही. म्हणतो, आईचं आता खरं नाही, दिवसभर गाडीत फिरते, हे आजारपण आहे. डोंगराकडे एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. बाग आहे, तळ्यात मासे आहेत. पुढच्या महिन्यात जागा होतेय.

मी म्हटलं, "आजारी माणूस सगळी स्टेशनं ओळीनं सांगतं का? तुला येतील सांगता?"

"वहिनी, तुम्ही लांब आहात. इथली जबाबदारी माझी."

"मग परत पाठव. माझ्याकडे."

 मग सावकाश, आयानेसारखं हळू — "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. दादा होता तोवर ठीक होतं. आता तुम्ही तशा घरच्या नाही. आईचं काय करायचं ते मुलानं ठरवायचं."

फोन ठेवला मी. कोबीचा एक अख्खा गड्डा चिरून काढला, दुकानाला सुट्टी असताना.

घरची नाही. त्याच्या भावाची शुश्रूषा कुणी केली? ह्याच्या आईच्या शिव्या कुणी खाल्ल्या? आश्रमवाल्यांनी?

२६ मे, सोमवार

खिशात टिंग नाही. निशिगाकीनं विचारलं, "आज आजीबाई कुठं?" मी म्हटलं, खोलीत. कुणी बिअर मागवली नाही.

संध्याकाळी सासूबाईंना फोन. "परत या," म्हटलं. सरळ.

"कशी येऊ? तू अजून हातीपायी धड आहेस. उद्या दुसरं लग्न करशील. नवऱ्याची म्हातारी आई कोण पदरात घेतं?"

"मला लग्नबिग्न करायचं नाही. तवा आहे."

"तुझ्यावर माझा काय हक्क गं, सुमिए? मुलगा आहे मला. तो म्हणेल तसं." आवाज अगदी बारीक. कोबी जाड चिरलास म्हणणारी बाई ही नव्हेच. मला असा राग आला — तिचा, त्याचा, सगळ्यांचाच.

२७ मे, मंगळवार

निशिगाकीला सगळं सांगितलं. सांगणार नव्हते. पण विचारलं त्यानं, आणि जेवण बाजूला सारून ऐकलं.

म्हणाला, "निशिगाकी हे माझं आडनाव कुठं होतं? मी जावई. सासऱ्याला मुलगा नव्हता, दुकान चालवायला कुणी पाहिजे, म्हणून त्यानं मला दत्तक घेतलं. लग्नाच्याच दिवशी. मेव्हणीनं पुढे वाद काढला तेव्हा सासरा म्हणाला, हा माझा मुलगा आहे, संपलं. आणि संपलं."

"जावयाचं माहीत आहे मला. अर्ध्या बाजारपेठेत तसंच आहे."

"मग सुनेला काय शिंगं असतात?"

"या वयात? पन्नाशीची बाई दत्तक?"

"म्हातारी तुझ्यापेक्षा मोठी आहे ना? मग झालं. कागदावर सहीच्या जागी दोघींच्या नावाचे शिक्के लागतात आणि दोन साक्षीदार. एक मी."

जेवणाचे पैसे ठेवून गेला. मी तवा घासत राहिले. घासून चकचकीत झाला तरी घासत होते.

२८ मे, बुधवार

केला फोन. सासूबाईंनी "हॅलो" म्हणायच्या आत बोलले, नाहीतर जीभ अडखळली असती. "आई, मला दत्तक घ्या. रीतसर. मग मीही तुमचं मूल, आणि तुम्ही कुठं राहायचं यात माझाही शब्द. निशिगाकी साक्षीला आहे, दुसरा मी शोधते. तुम्ही शिक्का घेऊन यायचं, एवढंच. पुढं भांडणं होणार आहेत, कोबी मी जाडच चिरणार आहे, ते सगळं धरून विचार करा."  मग म्हणाल्या, "मुलगी म्हणून?" म्हटलं, "मग काय भाडेकरू म्हणून?"  मला वाट बघता येत नाही, त्यांना माहीत आहे. म्हटलं, नोबुताकाला विचारायचं नाही, स्वतः ठरवायचं. सोमवारी दुकान उघडायच्या आत सांगा. हो की नाही.