कठड्याचं वळण

१४ मार्च, गुरुवार

ती. दादा,

धाकट्याचा नमस्कार. वहिनींनाही सांग. आम्ही ठीक आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालतो. दहा महिन्यांनी लिहितोय. फोन केला असता, पण तू पलीकडून "बोल" म्हणालास की मी भलतंच काहीतरी बोलत बसतो, हे तुला माहीत आहे.

गेल्या महिन्यातल्या एका सोमवारची गोष्ट सांगायची आहे. त्या सकाळी पाचला उठलो, आंघोळ केली, देवापुढे बसलो. वडिलांनी शिकवलेली प्रार्थना म्हटली. मग हिने नेहमीप्रमाणे गोळी आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवलं. मी पाण्याचा घोट घेतला, चहा प्यालो आणि मास्तरीणबाईंच्या घरी कामाला गेलो.

या बाई गणिताच्या. आता निवृत्त आहेत, एकट्याच राहतात, गुडघे दुखतात. वरच्या खोलीत जायला त्यांना नवा जिना करून हवा होता. जिना उभा राहिला होता. कठडा बसवायचा होता; तो खाली येऊन आतल्या बाजूला वळतो, तेवढं वळण कोरायचं राहिलं होतं.

तब्येतीचं म्हणशील तर ऑपरेशनला सव्वा वर्ष झालं. जिने बांधणारा माणूस सहा पायऱ्या चढून सातवीवर बसायचा, ते तू पाहिलंच आहेस. आता चार मजले न थांबता चढतो. एका उशीवर झोपतो. हृदयात बसवलेली धातूची झडप तेवढी घड्याळासारखी वाजते. पहिले दोन महिने देवापुढे डोळे मिटले की देवाऐवजी तीच ऐकू यायची. हिच्याकडे तक्रार केली तर म्हणाली, "बरंय की! झोपेचं सोंग घेता तेव्हा मला कळतं तरी." शेजारचे काका विचारतात, चावी कुठून देता म्हणून. हळूहळू सवय झाली. पालेभाजीने गोळीचा जोर उतरतो म्हणून ती रोज सारख्याच मापाने खायची, दाढी मशीनने करायची, दात काढायचा तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची आणि महिन्यातून एकदा रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा तपासायचा. माझा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. एवढं सांभाळलं की माणूस चांगला जगतो.

हे मी तुला कशाला सांगतोय? ऑपरेशनच्या कागदावर सही तुझीच होती. सगळं समजावून घेऊन तूच तर माझ्या कोरायच्या पटाश्या माळ्यावर टाकल्यास. "मापं घे, कागदावर जिना काढ, गिऱ्हाइकांशी बोल. धारेला हात लावायचा नाही." त्यावर मी जे बोललो ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. तू मुलीकडे राहायला गेलास आणि दुसऱ्याच दिवशी मी माळ्यावर शिडी लावली.

तर तो सोमवार. दहाच्या सुमारास वळण कोरत होतो आणि उजव्या हातातून पटाशी खाली पडली. उचलायला वाकलो तर बोटं मिटेनात. मनात देवाचं नाव घ्यायला गेलो, तेही येईना. लहानपणापासून कधी शोधावं न लागलेले शब्द, आणि तिथे काहीच नाही. भीती वाटली असं म्हणता येणार नाही. नवल वाटलं.

बाई स्वयंपाकघरातून आल्या. "मिस्त्री, काय झालं? सात नवे किती?"

उत्तर मला समोर दिसत होतं. तोंडातून जो आवाज आला तो कुठल्याच आकड्याचा नव्हता.

"उठा," बाई म्हणाल्या. शेजाऱ्याला गाडी काढायला लावली, मला मागे बसवलं आणि माझं मनगट धरून बसल्या. अर्ध्या वाटेवर जीभ सुटली. मी म्हणालो, "त्रेसष्ट."

"उशिरा, पण बरोबर," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघून डोळे पुसले.

हॉस्पिटलात आकडा निघाला एक पूर्णांक तीन. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी कधी चुकली?"

"चुकली नाही."

"मग हा आकडा कुणाचा?"

"माझाच. गोळी मी चुकवली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "का?"

दादा, आता लिहितो. पटाशी हातात असली की बारीकसारीक कापतंच. पूर्वी बोट तोंडात घालायचो आणि पुढे चालू. या गोळीवर रक्त अर्धा तास थांबत नाही. बिघडलेल्या नळासारखं गळत राहतं. आपलं ते फिकट लाकूड, त्यावर रक्त पडलं की पुढे पॉलिशखाली काळं दिसतं, कितीही घासा. एका गिऱ्हाइकाचा कठडा माझ्या हातून असा वाया गेला. तेव्हापासून कोरायचं काम आलं की तीन दिवस आधी गोळी बंद करायचो. हिच्यासमोर हातात घ्यायचो, पाणी प्यायचो, गोळी शर्टाच्या खिशात. कामावर गेलो की लाकडाच्या भुशात. चार महिने असं चाललं. तपासणीच्या आधी आठवडाभर नीट घ्यायचो, म्हणून कधी पकडलो गेलो नाही.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "झडपेवर गुठळी धरली होती. तिचा तुकडा मेंदूत जाऊन विरघळला म्हणून तुम्ही बोलताय. लाकडाला डाग पडू नये म्हणून असं करणारा पेशंट मी पहिलाच पाहिला."

पाच दिवस तिथे होतो. हिला सांगितलं होतं, चक्कर आली. तिसऱ्या दिवशी ही डबा उघडता उघडता म्हणाली, "त्या आठवड्यात माझ्याकडून पालेभाजी जास्त झाली का हो?" चार महिने मी तिला फसवत होतो आणि ती आपली भाजी मोजत बसली होती. तेव्हा सगळं सांगितलं. तिने डबा बंद केला. आता गोळी दिली की समोर उभी राहून म्हणते, "जीभ दाखवा." पन्नाशीला आलेला माणूस रोज सकाळी जीभ दाखवतो.

तुला जे बोललो तेही लिहून टाकतो, नाहीतर हे पत्र अर्धंच राहील. "तुझ्या हाताला कोरीवकाम कधी जमलं नाही, म्हणून तुला माझा हात बंद करायचाय." असं म्हणालो होतो. ते खरं नव्हतं, आणि बोलताना मला ते माहीत होतं. ऑपरेशनच्या दिवशी तू सहा तास पाणीसुद्धा न पिता बाहेर बसला होतास, हे मला नंतर वहिनींकडून कळलं.

घरी आल्यावर पंधरा दिवस देवापुढे हाच विषय होता. मला वाटायचं, हा हात देवाने दिलाय, तो न वापरणं म्हणजे त्याचा अपमान. नीट बघितलं तर त्यात देव थोडा होता, मीच जास्त होतो.

बाईंचा कठडा तसाच पडून होता. मंगळवारी तो हातगाडीवर घातला, सगळ्या पटाश्या फडक्यात गुंडाळल्या आणि लांब्याकडे गेलो. हो, आपला लांब्या मिस्त्रीच. त्याच्या जिन्यावर पाय ठेवला की जिनाच वाकून नमस्कार करतो, असं मी गावभर सांगत फिरायचो तो.

"इकडे कुठे वाट चुकलास?" तो म्हणाला. मी सगळं सांगितलं, खिशातल्या गोळ्यांसकट. त्याने एका पटाशीच्या धारेवरून अंगठा फिरवला.

"माझे जिने नमस्कार करतात ना रे?"

"करतात."

"मग आता तुझा कठडाही करणार." थोड्या वेळाने म्हणाला, "वळण पेन्सिलीने काढून दे. तुला जे दिसतं ते मला दिसत नाही."

मी रेघ काढून दिली. त्याने कोरलं. दोन दिवस मी शेजारी उभा होतो. हात सारखा पुढे जायचा, तेव्हा तो खिशात घालून ठेवला.

आज सकाळी कठडा बसवला. बाई वरून हात टेकत उतरल्या, वळणापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय." वळण एक सूतभर जाड राहिलंय. मी असतो तर तेवढं काढलं असतं. ते मी लांब्याला सांगितलं नाही. तो माझ्या पटाश्या फडक्यात बांधून परत द्यायला लागला, तेव्हा त्याला म्हणालो, राहू देत, तुझ्याच आहेत. आणि मोकळ्या हातांनी घरी आलो.

तुझ्या पाया पडतो, दादा.

तुझाच
धाकटा